सत्तावीस आणि आठ

माय, तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही, खरं म्हणजे लिहायची हिंमत झाली नाही. आज रविवार आहे, क्लासला सुट्टी आहे, आप्पा दुपारचं जेवून पडलेत आणि मी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून लिहितेय, कारण या घरात टेबल ठेवायला जागा उरलेली नाही. जिथं आपली शिलाई मशीन होती तिथं आता आप्पांची खाट आहे. खाटेच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मला वाकून उभं राहता येईल एवढीच जागा. रूम तीच आहे, सुरतेतली, बमरोलीची. खिडकीही तीच. समोरच्या कापडाच्या खात्याची पत्र्याची भिंतही तीच आहे आणि त्याच्या आत विणकामाचे सांचे तसेच चालू आहेत. तू म्हणायचीस की सांचे बंद पडले की कानात दुखतं. मला आता चालू असतानाही दुखतं.

कुठून सुरू करू ते कळत नाही, म्हणून गणितापासूनच करते. तू गावाकडे नववीपर्यंत शिकलेली होतीस. नववीची परीक्षा दिलीस आणि निकाल लागायच्या आत तुझं लग्न झालं. तो निकाल काय लागला ते तुला कधी कळलंच नाही. मी दहावीत गेले तेव्हा तू चौतिशीची होतीस. आप्पा सांच्यांवर बारा तासांची पाळी करायचे, आठवडा दिवसाची, आठवडा रात्रीची. आणि तू दिवसभर या खिडकीखाली बसून साड्यांना चमकीच्या टिक्या चिकटवायचीस. सकाळी स्कूटरवरून गठ्ठा यायचा, संध्याकाळी जायचा. खाली उतरायचं ते फक्त भाजीला आणि पाण्याला. बाकी तुझं सगळं जग म्हणजे ही दहा बाय बाराची रूम. आप्पांच्या भावकीतल्या बायका आसपासच राहायच्या, कोण कुठं गेली आणि किती वेळानं आली याची खबर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना असायची.

मी जमिनीवर वही पसरून अभ्यास करायचे आणि तू टिक्या लावता लावता माझ्या वहीकडे तिरपं बघायचीस. आधी मला ते कळलंच नाही. मग एक दिवस तू विचारलंस, "हे वर अर्धा काय लिखेल शे?"

मी म्हटलं, "घात आहे. एक्सचा अर्धा घात."

"घात म्हणजे कितीदा गुणायचं ते ना? एक्सचा तीन घात म्हणजे तीनदा. मग अर्ध्यांदा कसं गुणशी?"

मला येत नव्हतं. वर्गात बाईंनी सांगितलं असेल, पण मी ते पाठ करून टाकलं होतं. मी म्हटलं, "अर्धा घात म्हणजे वर्गमूळ. पाठ करायचं असतं, माय." दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तू दारातच सांगायला लागलीस, हातावर गोंद वाळलेला तसाच. घातांची बेरीज होते ना, एक्सचा दोन घात गुणिले एक्सचा तीन घात म्हणजे पाच घात? मग अर्धा अन् अर्धा मिळून एक होतो. म्हणजे स्वतःलाच स्वतःनं गुणलं की एक्स होईल, अशी जी संख्या, ती एक्सचा अर्धा घात. आणि एक तृतीयांश घात म्हणजे जी तीनदा घेतली की एक्स होतो ती. एवढं बोलून तू हसलीस. माय, मी तुला इतकं हसताना फार कमी वेळा पाहिलंय. मला मात्र त्या वेळी भूक लागली होती आणि मी "जेवायला वाढ" असं म्हटलं होतं.

त्यानंतर तू माझं पुस्तकच घेऊन बसायला लागलीस. कागद नव्हता, म्हणून साडीच्या घडीत घालायच्या पुठ्ठ्यांमधले फाटके पुठ्ठे तू बाजूला ठेवायचीस आणि त्यांवर पेन्सिलीनं लिहायचीस. 'सरळ रूप द्या' या मथळ्याखालची गणितं तुला सगळ्यात आवडायची. मोठी, लांबलचक, डोक्यावर अपूर्णांकांचे घात घेतलेली राशी, अंशात एक आणि छेदात एक, आणि शेवटी उत्तर एवढंसं. तू म्हणायचीस, बारा हातांची गुंतलेली सुताची लड सुटून सरळ झाल्यासारखं वाटतं. आणि प्रत्येक उत्तराची तू परीक्षा घ्यायचीस. अक्षरांच्या जागी सोपे आकडे घालायचीस, वर घालायचीस, खाली घालायचीस, दोन्हीकडे तेच आलं तरच पुढच्या गणिताला हात लावायचीस. मला सांगायचीस, "आकडा टाकीसन देख. आकडा खोटं बोलत नही."

एका गणितावर आपलं भांडण झालं ते मला नीट आठवतं. अंशात एक्स वजा वाय, छेदात एक्सचा अर्धा घात वजा वायचा अर्धा घात. मी वरचे घात आणि खालचे घात आपापसात वजा करून टाकले आणि उत्तर लिहिलं, एक्सचा अर्धा घात वजा वायचा अर्धा घात. तू म्हणालीस, असं नसतं होत. मी चिडले, म्हटलं, दहावीत तू आहेस की मी? तू पुठ्ठ्यावर एक्सच्या जागी नऊ लिहिलेस आणि वायच्या जागी चार. वर नऊ वजा चार, पाच. खाली तीन वजा दोन, एक. पाच भागिले एक, पाच. "अन् तुन्हं उत्तर? तीन वजा दोन. एक." मग तू मला दाखवलंस की एक्स हा एक्सच्या अर्ध्या घाताचा वर्गच आहे, वाय हा वायच्या अर्ध्या घाताचा, म्हणजे वरती दोन वर्गांची वजाबाकी आहे, तिचे अवयव पाड. खालचं कटून जातं आणि उरतं एक्सचा अर्धा घात अधिक वायचा अर्धा घात. तीन अधिक दोन, पाच.

मी तुझं ते उत्तर, खालच्या पडताळ्यासकट, गृहपाठाच्या वहीत उतरवून घेतलं आणि बाईंनी ते पकडलं. आमच्या गणिताच्या बाई म्हणजे एक कडक बाई होत्या, नाशिककडच्या, सुरतेत नोकरीला आलेल्या. त्यांनी विचारलं, "खाली नऊ आणि चार घालून पडताळा कोणी केलाय? तुझं अक्षर आहे, पण ही सवय तुझी नाही." मी खाली मान घालून सांगितलं की आईनं. बाईंनी ते गणित फळ्यावर सोडवून घेतलं आणि सगळ्या वर्गाला म्हणाल्या, "हिची आई साड्यांना टिक्या लावते. तिला जे दिसलं ते तुमच्यापैकी एकीलाही दिसलं नाही." सगळ्या मुली माझ्याकडे वळून बघत होत्या. त्या 'तुमच्यापैकी'त मीही होते हे बाईंच्या लक्षात आलं नसेल. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं, आणि तुझ्याबद्दल पहिल्यांदा काहीतरी वाईट वाटलं, ज्याला त्या वयात मला नाव देता आलं नाही. आता देता येतं. मला तुझा हेवा वाटला होता.

पुढचं तुला माहीतच आहे. बाई घरी आल्या, या खिडकीखाली साड्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या, आणि म्हणाल्या की बाहेरून दहावीचा फॉर्म भरा, माझी जबाबदारी. आप्पा आंघोळ करून बाहेर आले होते, त्यांनी ऐकलं. बाई गेल्यावर ते म्हणाले, "या वयमा दहावी करीसन कोन्त्या हाफिसमा जाशी?" तू फॉर्म भरलास. मग एका संध्याकाळी तू गणितात अडकलेली असताना त्यांचा डबा भरायचा राहिला, पाळीला उशीर झाला, आणि त्यांनी तुझे पुठ्ठे उचलून गॅलरीतून खाली फेकले. ते खालच्या गटाराच्या पाण्यात पडले. तू खाली गेली नाहीस. दुसऱ्या दिवशी नव्यानं तीच गणितं तू दुसऱ्या पुठ्ठ्यांवर सोडवलीस. पण तो दिवस तुझ्या मनात राहिला असणार, कारण पुढे जे झालं त्यात तू क्षणभरही दुसऱ्या कुणावर संशय घेतला नाहीस.

आपली दोघींची हॉलतिकिटं एकाच दिवशी आली आणि परीक्षेचं केंद्रही एकच आलं. तू दोन्ही तिकिटं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत साड्यांच्या खाली ठेवलीस. पहिल्या पेपरला आपण दोघी एका रिक्षातून गेलो. तू तुझी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होतीस, डोक्यावर पदर होता, हातात माझ्यासारखीच कंपासपेटी. फाटकाशी माझ्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. एक म्हणाली, "तुझी मम्मी पेपर द्यायला आली? मग तुझ्या बाजूलाच बसव ना, तू तिचं बघून लिही." सगळ्या हसल्या. तू ऐकलंस आणि तूही हसलीस, तुला ते कौतुकच वाटलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. दुसऱ्या पेपरला मी तुला फाटकाच्या अलीकडेच उतरायला लावलं. तिसऱ्याला मी पुढे चालत गेले, तू मागून आलीस.

गणिताचा पेपर चौथा होता. सकाळी अकराचा. आप्पा सातलाच पाळीवर गेले. तू ओट्याशी भाकरी करत होतीस, पाठमोरी. मी पेटी उघडली, पिशवीतलं माझं तिकीट बाहेर ठेवलं, तुझं काढून चार घड्या घालून माझ्या कंपासपेटीत कोनमापकाखाली ठेवलं आणि पेटी बंद केली. मी हे आधी ठरवलं नव्हतं, माय. पण पेटीची कडी मी आवाज न होऊ देता लावली. नंतर तू शोधायला लागलीस. पेटी उलटी केलीस, गाद्या झटकल्यास, देवाच्या फळीवर बघितलंस, डब्यांमागे बघितलंस. मीही तुझ्याबरोबर शोधलं. तू मधेच थांबून विचारलंस, "तिकिटाशिवाय बसू देतील का?"

मी म्हटलं, "नाही."

बाईंनी वर्गात स्पष्ट सांगितलं होतं की तिकीट हरवलं तर पेपरच्या आधी अर्धा तास शाळेत या, चिठ्ठी मिळेल. मला ते ठाऊक होतं. तुला नव्हतं. तू पेटीवर बसलीस आणि म्हणालीस, "तुन्हा आप्पानी लिधं." त्यांनीच ते घेतलं असं तू ठरवूनच टाकलंस. आणि मला म्हणालीस, "तू जाय. तुले उशीर व्हई."

मी गेले. तीन तास पेपर लिहिला, तुझं तिकीट समोरच्या कंपासपेटीत ठेवून. येताना खाडीच्या पुलावर ते फाडलं आणि खाली टाकलं.

मी पेपर लिहीत होते तेव्हा तू काय केलंस ते मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. तू आप्पांच्या खात्यावर गेलीस. लग्नानंतर एवढ्या वर्षांत तू तिथं पाऊल ठेवलं नव्हतंस. पदर खोचून सांच्यांच्या दोन रांगांमधून चालत तू त्यांच्यापर्यंत पोचलीस आणि त्या आवाजात ओरडलीस, "मन्हं तिकीट द्या." त्यांना आधी ऐकूच आलं नाही. मग कळलं तेव्हा ते म्हणाले, "मी नही लिधं." तू पुन्हा मागितलंस. ते पुन्हा तेच म्हणाले. बाकीचे कारागीर सांचे सोडून बघायला लागले, कोणी हसलं, शेठचा माणूस आला, आणि तू परत फिरलीस.

मी घरी आले तेव्हा तू नेहमीसारखी टिक्या लावत बसली होतीस. मला वाटलं तू रडशील, शिव्या देशील. तू हात पुढे केलास आणि म्हणालीस, "पेपर दे." तो प्रश्नपत्रिकेचा कागद तू मांडीवर घेतलास, साड्या बाजूला सरकवल्यास, घड्याळ समोर ठेवलंस आणि तीन तास बसून सगळा पेपर सोडवलास. पाणी प्यायला उठली नाहीस. आप्पा पाळीवरून आले, हातपाय धुऊन कोपऱ्यात बसले, त्यांना कोणी वाढलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. मग तू पुठ्ठे माझ्यापुढे ठेवलेस. "तपास. बाई तपासतीन तसं."

तुझं सगळं बरोबर होतं. माझी तीन गणितं चुकली होती, त्यातलं एक तेच, 'सरळ रूप द्या'चं. अंशात ए वजा बी, छेदात एचा एक तृतीयांश घात वजा बीचा एक तृतीयांश घात. तू वरती घनांची वजाबाकी ओळखली होतीस, अवयव पाडले होतेस, आणि उत्तरात तीन पदं लिहिली होतीस. खाली तुझी परीक्षा होती. एच्या जागी सत्तावीस, बीच्या जागी आठ. वर सत्तावीस वजा आठ, एकोणीस. खाली तीन वजा दोन, एक. आणि तुझी तीन पदं, नऊ अधिक सहा अधिक चार, एकोणीस.

मी लाल पेननं त्यावर फुली मारली.

तू म्हणालीस, "कसं काय चुकनं? आकडा टाकीसन देखेल शे मी."

आणि मी तुला म्हटलं, "आकड्यानं जुळलं म्हणजे खरं होत नाही, माय. एका जोडीला जुळलं, उद्या दुसरीला जुळणार नाही. बोर्ड असल्या पद्धतीला शून्य देतं." यातलं पहिलं वाक्य खरंच आहे. मी आज क्लासमध्ये मुलांना तेच सांगते, की चार आकड्यांना जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. पण तुझं तर अवयवांनी सिद्ध झालेलं होतं, आकडा तू नंतर टाकला होतास. मला ते दिसत होतं. तू ते पुठ्ठे हातात घेऊन बराच वेळ सत्तावीस आणि आठकडे बघत राहिलीस. मग दुसरी जोडी घालून बघावी असं तुझ्या मनात आलं असेल, कारण तू पेन्सिल उचललीस. पण काही न लिहिता ती खाली ठेवलीस.

दोन महिन्यांनी बाईंनी निरोप पाठवला की तुम्ही बाकी सगळ्यात पास झालात, एकटं गणित पुरवणी परीक्षेला द्या. तू मला म्हणालीस, "सांग बाईले, मन्हं गणित चुकस." एवढंच. नंतर तू पुठ्ठ्याला पेन्सिल लावली नाहीस. आप्पांना वाटलं तू त्यांच्यावरच्या रागानं सोडलंस, भावकीला वाटलं तुझी हौस फिटली. तिकीट गेलं म्हणून एक पेपर बुडाला होता, पण गणित तुझ्या हातून सुटलं ते माझ्या त्या लाल फुलीमुळे. हे फक्त मला ठाऊक होतं.

त्यानंतर नऊ वर्षं तू आप्पांशी कामापुरतंही सरळ बोलली नाहीस. "तुझ्या बापाला सांग, वाढलंय." "तुझ्या बापाला विचार, पाळी कोणती." मी दोघांच्या मधे बसून निरोप द्यायचे. ते सुरुवातीला सांगायचे, मला म्हणायचे, "तू तरी सांग तुन्ही मायले, मी नही लिधं." मी होकारार्थी मान हलवायचे आणि तुला काहीच सांगायचे नाही. मग त्यांनी म्हणणं सोडलं. तुला कावीळ झाली, ती उलटली, सिव्हिलमध्ये तू अकरा दिवस होतीस. आप्पा रोज वॉर्डच्या बाहेर बाकड्यावर बसायचे, आत यायचे नाहीत. नवव्या दिवशी तू मला म्हणालीस, "तो बसेल शे का अजून? त्याले सांग, चहा पी." ती तू त्यांना म्हटलेली शेवटची गोष्ट, तीही माझ्याकरवी. मी बाहेर जाऊन निरोप दिला. त्याच दाराशी दोन पावलं आत आणि दोन पावलं बाहेर एवढंच माझं काम होतं, आणि तेवढ्यात सगळं सांगून होण्यासारखं होतं. मी चहा घेऊन आले.

मी गणितातच बी.एस्सी. केलं. क्लास घेते, सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ, उधन्याला. पुण्याला एका शाळेत कायमची नोकरी मिळत होती, मी बॅग भरली होती, आणि त्याच आठवड्यात आप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. याला तीन वर्षं झाली. मी गेले नाही. लग्नाचं म्हणशील तर तो विषय त्याआधीच मागे पडला होता. आता माझा दिवस असा असतो: पाचला उठून त्यांचं सगळं करते, शेजारच्या काकूंना बसवून क्लासला जाते, दहाला परत, मग पाचपर्यंत ही रूम. दार उघडं ठेवलं तर भावकीच्या बायका डोकावतात, बंद ठेवलं तर हवा येत नाही. त्यांना कुशीवर वळवते, भरवते, चादर बदलते. तू याच खिडकीखाली बसून वीस वर्षं काढलीस हे मला रोज दुपारी आठवतं, कारण मीही तिथंच बसते. मला इथून जाता येत नाही. कोणी अडवत नाही, तरी येत नाही. एका माणसावर मी ज्या गोष्टीचा ठपका अठ्ठावीस वर्षं राहू दिला, त्याला या खाटेवर एकट्याला टाकून कुठं जायचं?

आणि झटक्यानंतर त्यांच्या तोंडात एकच शब्द राहिलाय, माय. डॉक्टर म्हणतात असं होतं, सगळी भाषा जाते आणि एखादा शब्द उरतो, त्याला अर्थ असतोच असं नाही. पाणी हवं असलं तरी ते म्हणतात "नही". बरं वाटलं तरी "नही". काकू आल्या की हसून "नही, नही". मी त्यांचं तोंड पुसताना रोज तो शब्द ऐकते.

दोन महिन्यांपूर्वी उधन्याच्या भाजीबाजारात मला बाई भेटल्या. काठी घेऊन चालत होत्या, पण मला लगेच ओळखलं. तुझं नाव घेतलं, मग म्हणाल्या, "तुझे वडील कसे आहेत? तो माणूस मी विसरले नाही. त्या दिवशी शाळेत आला होता ना." मला कळेना. त्या म्हणाल्या, गणिताच्या पेपरच्या दिवशी, पाऊण वाजला असेल, तो धावत आला. अंगात बनियन, हात तेलानं काळे, केसांत सुताचा भुरा. पाळी टाकून आला होता. विचारत होता, तिकीट हरवलं असेल तर आता काही करता येईल का, तिला आत्ता आणून बसवलं तर चालेल का. बाईंनी सांगितलं, पेपर सुरू होऊन पावणेदोन तास झाले, आता नाही. तो तिथंच व्हरांड्यात उभा राहिला. बाई म्हणाल्या, मी घरी येऊन सांगते तुम्ही आला होता ते. तर तो म्हणाला, सांगू नका. ती म्हणेल, मीच घेतलं होतं आणि आता मन खात होतं म्हणून आलो.

मी भाजीची पिशवी घेऊन घरी आले. ते जागे होते. मी काहीच न बोलता त्यांचं सगळं केलं, असे दोन महिने गेले. मग परवा, दुपारी, मी त्यांच्या खाटेवर जागा करून बसले. वरण-भाताची वाटी हातात होती. मी तुझ्याच बोलीत म्हटलं, "आप्पा, मायचं तिकीट मी लिधं व्हतं. तुम्ही नही. मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. डावा डोळा नीट उघडतो, उजवा अर्धाच. मला वाटलं त्यांना कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं, कंपासपेटी, खाडीचा पूल, सगळं. तुम्ही शाळेत गेला होता तेही मला कळलंय, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते म्हणाले, "नही." मग डाव्या हातानं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं, तीन वर्षांत त्या हातात एवढा जोर मी पाहिला नव्हता. राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. किती वेळ धरलं होतं तेही नाही. सोडलं तेव्हा भात गार झाला होता, तो मी गरम करून आणला आणि त्यांनी खाल्ला. संध्याकाळी मी क्लासला गेले, आल्यावर चादर बदलली. काही बदललं नाही. काल आणि आजही ते माझ्या हातानंच जेवले.

हे मी तुला लिहितेय, कारण लिहिलं तर कुठं पाठवायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्या गणितावरच्या लाल फुलीचं मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना ते समजणार नाही असं मी मनाशी म्हटलं, पण ते खरं नाही. तुझं एकोणीस बरोबर होतं, माय, कुठलीही जोडी घातली असतीस तरी बरोबरच आलं असतं.

आणि अजून एक. आप्पांना पंचवीस वर्षं बोलता येत होतं, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. परवा उघडलं. मी स्वतःला सांगत होते की बाई भेटल्या म्हणून. पण वाटी हातात घेऊन त्यांच्याजवळ बसले तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते हे, की आता ते कोणाला सांगू शकणार नाहीत.